दहा इंच घोडा, सहा इंच माणूस

वोकिंगच्या स्टेशनातून बाहेर पडून गावात शिरलं की क्राऊन पॅसेजपाशी तीन लांबलचक पायांवर उभं असलेलं एक चकचकीत धातूचं धूड दिसतं. उंची सात मीटर. हा मंगळावरून आलेला स्वार. १९९८ साली त्याला इथे उभं केलं, कारण बरोबर शंभर वर्षांपूर्वी पुस्तकरूपात आलेल्या एच. जी. वेल्सच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’ या कादंबरीत मंगळावरची मंडळी इथेच, गावाला लागून असलेल्या हॉर्सेल कॉमनच्या माळावर उतरली होती. वेल्स १८९५ मध्ये इथल्या मेबरी रोडवर राहायला आला. सायकलवरून आसपास हिंडायचं आणि मंगळवासीयांनी कुठलं घर, कुठला रस्ता, कुठला शेजारी उडवायचा ते ठरवून घरी येऊन लिहायचं, असा त्याचा क्रम होता. भारतातून आलेल्या पाहुण्यांना आम्ही वोकिंगकर या धुडापाशी उभं करून फोटो काढतो. सासूबाईंनी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ‘पाण्याची टाकी का रे ही?’ असं विचारलं होतं.

मी त्याला स्वार म्हणते ते मुद्दाम. कादंबरीतले मंगळवासी स्वतः लिबलिबीत, पृथ्वीवर धड सरपटताही न येणारे. पण तीन पायांच्या यंत्रात बसले की कुठल्याही घोड्याला मागे टाकतील. लंडन रिकामं होतं, साठ लाख माणसं वाट फुटेल तिकडे निघतात, हे वर्णन पुष्कळांना आठवत असेल. मला मात्र त्यातला एक छोटा प्रसंग विसरता येत नाही. क्यूजवळच्या शेतातून चार-पाच माणसं पळताहेत. मागून मंगळवासी येतो, तीन ढांगांत त्यांच्यात पोचतो. त्याच्याकडे जाळून राख करणारा किरण आहे, पण तो वापरत नाही. एकेकाला वाकून उचलतो आणि पाठीवरच्या धातूच्या टोपलीत टाकतो, मळ्यात चहाची पानं खुडून टाकावीत तसं. याच कादंबरीत आल्डरशॉटच्या छावणीतून खरंखुरं घोडदळही आलेलं आहे. त्यातला एक स्वार घोड्यावरून उतरून घरोघर पळा, पळा म्हणून सांगत सुटतो. साम्राज्याच्या घोडदळाला तेवढंच काम उरलेलं असतं. हे सगळं कोणाच्या बाबतीत खरंच घडून गेलंय याची आठवण वेल्स पहिल्याच प्रकरणात करून देतो: टास्मानियाच्या मूळ रहिवाशांचं युरोपियनांनी काय केलं ते पाहा आणि मग मंगळवासीयांना नावं ठेवा, असा त्याचा रोख आहे.

आता गंमत पाहा. पाठलागाचं इतकं अंगावर येणारं चित्र काढणाऱ्या या माणसाने १९१३ साली ‘लिट्ल वॉर्स’ नावाचं एक पुस्तक काढलं. खेळण्यातल्या शिपायांनी जमिनीवर लढाई कशी खेळायची, त्याचे नियम. आज जगभर टेबलावर जे छोट्या शिपायांचे युद्धखेळ चालतात त्यांची सुरुवात बहुतेक जण या पुस्तकापासून धरतात. (मुखपृष्ठावर लिहिलंय की हा खेळ बारा ते दीडशे वर्षं वयाच्या मुलांसाठी आहे, आणि ज्या जरा जास्त हुशार मुलींना मुलांचे खेळ आवडतात त्यांच्यासाठी. माझं वय या मर्यादेत बसतं. बाकीचं तुम्ही ठरवा.) नियम सोपे: पायदळ एका खेपेला एक फूट, घोडदळ दोन फूट. स्प्रिंगच्या छोट्या तोफेतून लाकडी गोळी सोडायची, जो शिपाई आडवा पडला तो गेला. समोरासमोर भिडले तर एकास एक मरतो. एखादी तुकडी एकटी सापडली आणि संख्येने अगदीच तोकडी असेल, तर तिच्यातले काही कैद होतात. पण वेल्सच्या या नियमांत शिपाई कधी घाबरत नाही. तो मरतो किंवा पकडला जातो, पाठ फिरवून पळत नाही. साठ लाख माणसांची पळापळ लिहिणाऱ्या लेखकाने आपल्या खेळातून भीती तेवढी वगळली होती. पुस्तकाच्या शेवटी तो हेही सांगतो की हा खेळ तीन-चारदा खेळून पाहा, म्हणजे खरं युद्ध किती धांदलीचं आणि मूर्खपणाचं काम आहे ते कळेल. पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झालं.

हा सगळा पाल्हाळ कशासाठी, तर आमच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर गेली दोन वर्षं ‘वॉरहॅमर ४०,०००’ची सत्ता आहे. ज्यांच्या घरात दहा ते पंधरा वयाचा मुलगा आहे आणि जे या देशात राहतात, त्यांना जास्त सांगायला नको. बाकीच्यांसाठी: हा १९८७ साली निघालेला खेळ, कंपनीचं मुख्य ठाणं नॉटिंगहॅमला. काळ आजपासून अडतीस हजार वर्षांनंतरचा. माणसाचं साम्राज्य आकाशगंगाभर पसरलंय आणि सगळीकडे युद्ध चालू आहे. प्लास्टिकचे बोटाएवढे शिपाई सुटे सुटे येतात. ते कापायचे, चिकटवायचे, मांजराच्या मिशीएवढ्या ब्रशाने रंगवायचे आणि मग टेप, फासे आणि जाडजूड नियमपुस्तक घेऊन दुपारभर लढायचं. एखाद्याने काय रंग लावलाय यावर टेबलाशी जी चर्चा चालते ती ऐकून मला लक्ष्मी रोडवरची साडीची दुकानं आठवतात.

या खेळात अवकाशयानं आहेत, रणगाडे आहेत, किरणांच्या बंदुका आहेत. आणि घोडे आहेत! ‘अटिलन रफ रायडर्स’ नावाचे स्वार. अटिला या एका ग्रहावरची ही भटकी जमात, अंगावर लोकरी कपडे, हातात भाला. नाव आणि पेहराव दोन्ही हूण आणि मंगोल यांच्यावरून उचललेत हे उघड आहे. भाल्याच्या टोकाला मात्र स्फोटकं. ‘क्रीग’ नावाच्या आणखी एका ग्रहाचे स्वारही आहेत, त्यांच्या तोंडावर विषारी वायूचा मुखवटा. मी इतिहासाची एम.ए., पुण्याला आठवी-नववीला सात वर्षं इतिहास शिकवलेला. चिरंजीवांनी पहिल्यांदा हे स्वार दाखवले तेव्हा मी विचारलं, ‘अरे, रणगाडा असताना घोडा कशाला?’ त्याचं उत्तर तयार होतं. ‘आई, शत्रू पळायला लागला की मागे जायला.’

उत्तर बरोबर होतं. घोडदळाचा हल्ला आपल्याला सिनेमात दिसतो तो समोरून, भाले रोखून, धूळ उडवत. पण भक्कम उभ्या राहिलेल्या पायदळावर घोडा सहसा जात नाही, जनावर तेवढं शहाणं असतं. घोडदळाचं खरं काम समोरची फळी मोडल्यावर सुरू होतं. आर्दां द्यू पिक नावाचा एक फ्रेंच अधिकारी होता, १८७० च्या युद्धात मेला. त्याने प्राचीन लढायांचा अभ्यास करून मांडलेली गोष्ट अशी, की दोन सैन्यं भिडलेली असतात तोवर माणसं त्या मानाने कमी मरतात. कत्तल होते ती एका बाजूने पाठ फिरवल्यावर. कारण पाठीला ढाल नसते, आणि पळणाऱ्याला आपल्या शेजारचा कुठे आहे हेही माहीत नसतं. वॉटर्लूचं उदाहरण याच देशातल्या शाळेत शिकवतात, पण संध्याकाळपर्यंतचंच. त्या रात्री, १८ जून १८१५ला, दमलेल्या इंग्रजांऐवजी प्रशियाचा सेनानी ग्नाइझनाऊ चांदण्यात फ्रेंचांच्या मागे लागला. त्याने एका नगारेवाल्याला घोड्यावर बसवलं. फ्रेंच कुठे जरा टेकले की मागून नगारा वाजायचा, की उठून पुन्हा पळायचे. ढोलाच्या नुसत्या आवाजावर एक सैन्य रात्रभर पळत राहिलं.

खेळात हे कसं मांडायचं, हा नियम लिहिणाऱ्यांपुढचा जुना प्रश्न. २०१७च्या आधीच्या काही आवृत्त्यांत वॉरहॅमरचा एक नियम होता, मुलाने मला जुन्या पुस्तकातून वाचून दाखवला. हातघाईत हरलेली तुकडी धीर सोडून मागे फिरली की दोन्ही बाजूंनी एकेक फासा टाकायचा, त्यात आपापल्या चपळाईचा आकडा मिळवायचा. जिंकणाऱ्याची बेरीज सारखी किंवा जास्त आली, तर पळणारी अख्खी तुकडी उचलायची. वीस माणसं असोत की पाच, एका फाशावर साफ. ज्यांना भीती म्हणजे काय ते माहीत नाही असे महामानव योद्धे या खेळात आहेत, त्यांना या नियमातून सूट होती. नंतरच्या आवृत्तीत हा नियम काढून टाकला. आता तुकडी नुसती मागे सरकते आणि त्या खेपेला तिला गोळीबार करता येत नाही. ती आधीच हादरलेली असेल तर प्रत्येक शिपायामागे एक फासा टाकायचा, एक किंवा दोन आलं तर तो गेला, तीन किंवा वर आलं तर निसटला. खेळ सुटसुटीत झाला, जास्त लोकांना आवडला.

माझं मत विचाराल तर जुना नियम चांगला होता. चांगला म्हणजे खरा. त्यात क्रौर्य होतं, पण ते लपवलेलं नव्हतं. आपल्या मंडळात गेल्या गणपतीत एका काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘तू शिक्षिका ना गं? मुलाला असले रक्तपाताचे खेळ कसे खेळू देतेस?’ मी त्यांना म्हटलं, काकू, मला रक्तपाताची काळजी नाही वाटत, सगळं कसं स्वच्छ होतं याची वाटते. शिपाई उचलला, खोक्यात टाकला. पळाला काय आणि मेला काय, खोका एकच.

आपल्या भाषेकडेच बघा. मराठीत ‘पळपुटा’ ही शिवी आहे. पाठ दाखवणं, पळ काढणं, शेपूट घालणं, सगळं लाजेचं. पण त्याच भाषेत ‘जीव मुठीत धरून पळणं’ही आहे, आणि ते म्हणताना आपला आवाज आपोआप खाली येतो. इंग्रजीत फ्युजिटिव्ह आणि रेफ्यूजी हे दोन्ही शब्द लॅटिनमधल्या पळणं या एकाच धातूतून निघालेत. एकाला पोलीस शोधतात, दुसऱ्याला आपण जुने कोट देतो. बातम्यांत पाहिलं तर कधी कधी माणूस तोच असतो, शब्द बदललेला असतो.

पाठलागाची आपली सगळ्यात मोठी आठवण म्हणजे पानिपत. १४ जानेवारी १७६१. वर्गात शिकवताना विश्वासराव पडले, भाऊसाहेब गर्दीत शिरले इथवर मुलं श्वास रोखून ऐकायची, आणि मग पुस्तकातला परिच्छेद संपायचा. पण त्या दुपारनंतर जे झालं त्यात सैनिकांबरोबर बाजारबुणगे, बायका, यात्रेकरू सगळे होते, आणि मागे ताज्या दमाचे अफगाण स्वार. मी मुलांना तिथे महादजी शिंद्यांची गोष्ट सांगायची. जॉन माल्कमने आपल्या ‘मेमॉयर ऑफ सेंट्रल इंडिया’मध्ये ती नोंदवली आहे. महादजी आपल्या दक्खनी घोडीवरून निघाले. मागे एकच अफगाण, धिप्पाड घोड्यावर. घोडी चपळ, अंतर पडायचं. ती दम खायला जरा थांबली की मागे तो घोडा पुन्हा दिसायचा, त्याच संथ चालीने येणारा. असं कितीतरी अंतर गेलं. शेवटी घोडी खड्ड्यात कोसळली. अफगाणाने येऊन गुडघ्यावर कुऱ्हाडीचा घाव घातला, अंगावरचे दागिने काढून घेतले, घोडी घेतली आणि निघून गेला. मारलं नाही. राणेखान नावाच्या पखालवाल्याने महादजींना आपल्या बैलावर घातलं आणि दक्षिणेला आणलं.

पुढे महादजी दिल्लीच्या बादशहाचे पालनकर्ते झाले, राणेखानाला त्यांनी भाऊ म्हणून वागवलं, मोठ्या फौजेचा सरदार केलं. पाय जन्माचा अधू राहिला. आणि झोपेत कित्येक वर्षं तो अफगाण आणि त्याचा घोडा मागे लागलेला दिसत राहिला. उत्तर हिंदुस्थान ज्याच्या मुठीत होता त्या माणसाने हे स्वतः लोकांना सांगितलेलं आहे. आमच्या शाळेची सहल वानवडीच्या शिंदे छत्रीवर जायची तेव्हा मुलांना तिथली कमान दिसायची, रंगीत काचा दिसायच्या. मला त्या घोड्याच्या टापा ऐकू यायच्या. इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्याने महादजींना पळपुटा म्हटलं नाही, हेही सांगायला हवं.

चिरंजीवांच्या टोळीत चार मुलं आहेत. त्यातला एक खारकीवचा. २०२२ साली आई त्याला घेऊन आली, वडील तिकडेच. मुलगा अबोल, पण रंगकाम असं करतो की दुकानातल्या माणसाने फोटो मागितला. एका शनिवारी मी शेजारी शंकरपाळ्यांचं पीठ मळत होते आणि टेबलावर वाद सुरू झाला. याची तुकडी हादरून मागे फिरली, फासे पडले, तीन शिपाई गेले. बाकीची मुलं मेलेले शिपाई एका बुटांच्या खोक्यात टाकतात. हा ते तीन शिपाई बिस्किटांच्या एका रिकाम्या डब्यात ठेवायला लागला.

‘नियमात डिस्ट्रॉइड लिहिलंय,’ आमचे वकीलसाहेब म्हणाले.

‘ते मेले नाहीत,’ तो म्हणाला. ‘ते दुसरीकडे गेलेत.’

‘मग पुढच्या डावात परत येणार?’

तो थोडा वेळ विचार करत राहिला. मग म्हणाला, ‘काही येतील. काहींना तिकडे शाळा असेल.’

कोणीच काही बोललं नाही. मग दुसऱ्या एकाने विचारलं की कोण येणार हे फाशावर ठरवायचं का, आणि ठरलं. तेव्हापासून या घरचा नियम असा: पळताना गेलेले शिपाई डब्यात, लढताना गेलेले खोक्यात. पुढच्या डावाला डब्यातल्या प्रत्येकासाठी फासा टाकायचा. चार किंवा वर आलं तर तो परत, नाहीतर त्याला शाळा आहे. आता बाकीच्या मुलांना जिंकण्यापेक्षा डब्यात किती जमले याचीच जास्त उत्सुकता असते. नॉटिंगहॅमच्या मंडळींनी हा लेख वाचलाच, तर हा नियम फुकट घ्यावा.

आता किल्ल्याबद्दल. आम्ही दरवर्षी मागच्या अंगणात दिवाळीचा किल्ला करतो. इथली ऑक्टोबरची माती म्हणजे चिखल, त्यामुळे दगडांवर जुनं गोणपाट आणि वर कुंडीतली माती असा मामला असतो, अळीव मात्र झकास उगवतं. पुण्याहून आणलेले मातीचे मावळे नाकं उडालेल्या अवस्थेत अजून पहारा देतात. गेल्या वर्षी मुलं किल्ल्यासमोर बसली असताना खारकीवच्या मुलाने विचारलं, यांचा शत्रू कुठे आहे? खरंच, आपल्या किल्ल्यावर शत्रू कधीच नसतो. महाराज सिंहासनावर, मावळे पायऱ्यांवर, खाली गवळण आणि भाजीवाली. मग मी त्यांना पन्हाळ्याची गोष्ट सांगितली. जुलै १६६०, सिद्दी जौहरचा वेढा, धो धो पाऊस, पालखीतून निघालेले महाराज, आणि मागे सिद्दी मसूदचे घोडेस्वार. पळणाऱ्यांमागे स्वार, हीच आपली सगळ्यात लाडकी गोष्ट आहे आणि तिच्यात पळणारे आपण आहोत, हे माझ्याही नीट लक्षात आलं ते इंग्रजीतून सांगताना.

‘खेळूया,’ मुलं म्हणाली.

टेबल सहा फुटी, म्हणजे बहात्तर इंच. एका टोकाला पन्हाळा, दुसऱ्या टोकाला विशाळगड. पालखीबरोबर वीस शिपाई, त्यांना वीस इंच आघाडी. मागे दहा अटिलन स्वार, पाच आमचे, पाच उसने. नियम वॉरहॅमरचेच: माणूस एका खेपेत सहा इंच, घोडा दहा. दोघांनाही जोर लावायचा असेल तर एक फासा टाकून तेवढे इंच जास्त. टप्प्यात आल्यावर स्वारांनी झडप घालायची तर दोन फासे. मी कागदावर सरासरी काढून दिली: माणसं जीव तोडून पळाली तर एका फेरीत साधारण साडेनऊ इंच, घोडे साडेतेरा. दर फेरीला चार इंच अंतर तुटणार. विशाळगड गाठायला पळणाऱ्यांना सहा फेऱ्या लागणार. म्हणजे पोचत नाहीत. मुलांचा आकडेमोडीवर विश्वास नव्हता, तीन डाव खेळले. तिन्ही वेळा पालखी चौथ्या किंवा पाचव्या फेरीत पकडली गेली. एकदा आमच्या धाकटीने सलग तीन षटकार टाकले, तरीही.

वर्गात मी बाजीप्रभूंची स्वामिनिष्ठा शिकवली होती, पराक्रम शिकवला होता. सहा आणि दहाचं गणित कधी शिकवलं नव्हतं. त्या रात्री पन्हाळ्याहून निघालेल्या प्रत्येकाला ते पाठ असणार. अंतर साठ किलोमीटरच्या आसपास, वाट चिखलाची, खांद्यावर पालखी. घोडा शेवटी गाठणारच. धावण्याचा वेग वाढवून हे सुटत नाही. मागच्याचा वेग शून्य करावा लागतो, आणि तो फक्त एकाच जागी शून्य होतो, जिथे घोड्याला घोडेपण वापरता येत नाही तिथे. त्या जागेचं तेव्हाचं नाव घोडखिंड. पावनखिंड हे नंतरचं.

चौथ्या डावाला मुलांनी टेबलाच्या मध्यावर जाडजूड पुस्तकं उभी करून खिंड केली. (एका बाजूला माझा शब्दकोश, दुसऱ्या बाजूला ‘रुचिरा’.) दोन घोडे शेजारी-शेजारी जेमतेम मावतील एवढीच फट. शत्रूचा शिपाई आडवा उभा असेल तर त्याच्यातून पलीकडे जाता येत नाही, हा नियम खेळात आधीपासूनच आहे. आता मागे राहणार कोण? परंपरेने सांगतात की सहाशेतले निम्मे बाजीप्रभूंबरोबर राहिले. मुलांनी वीसातले सात ठेवायचं ठरवलं. कुठले सात, यावर अर्धा तास गेला. चांगले रंगवलेले कोणालाच ठेवायचे नव्हते. फासा टाकूया, असं चिरंजीव म्हणाले. खारकीवचा मुलगा म्हणाला, फासा नको, ज्याने त्याने स्वतःचे द्यायचे. त्याने आपले तीन दिले, तो फोटो काढलेला सरदार त्यात होता. मग इतरांनी मुकाट्याने एकेक काढून ठेवला. चिरंजीवांनी दुकानातले दोन काढले, मग एक परत घेतला आणि त्याच्या जागी अंगणातून नाक उडालेला एक मातीचा मावळा आणला. आकाराने तो बाकीच्यांच्या दुप्पट होता, पण कोणी हरकत घेतली नाही.

खिंड अडीच फेऱ्या टिकली. पालखी सहाव्या फेरीत टेबलाच्या कडेवरून उतरली, मागचे स्वार तेव्हा हातभर दूर होते. तोफा कोणी वाजवायच्या यावर भांडण झालं, शेवटी सगळ्यांनीच वाजवल्या. वरच्या मजल्यावर ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसलेले आमचे हे धावत खाली आले.

आवरताना सातही शिपाई बुटांच्या खोक्यात गेले. मातीचा मावळा पुन्हा किल्ल्याच्या पायरीवर. बिस्किटांचा डबा त्या दिवशी रिकामाच होता, त्यात मी शंकरपाळे भरले आणि ते खारकीवच्या मुलाबरोबर त्याच्या आईसाठी दिले. डबा धुऊन परत आला तेव्हा त्यात मधाचा केक होता, आणि एक चिठ्ठी: पुढच्या वेळी खिंड जरा रुंद करा, तिलाही खेळायचंय.